हाय-फ्लो ऑक्सिजन मशीन (एअरव्हो २): पुण्यातल्या छोट्या-मध्यम हॉस्पिटलांनी घेण्याआधी

पावसाळा लागला की पुण्यात फ्लूचे पेशंट वाढतात, हे २००९पासून इथल्या डॉक्टरांच्या अंगवळणी पडलं आहे. देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू ऑगस्ट २००९मध्ये इथेच नोंदला गेला. राज्यातले कोविडचे पहिले पेशंटही मार्च २०२०मध्ये इथेच सापडले. त्यानंतर वीस-तीस खाटांच्या हॉस्पिटलांनीही आयसीयूसाठी हाय-फ्लो मशीन घेतली आणि आजही घेत आहेत. फिशर अँड पायकेल या न्यूझीलंडच्या कंपनीचं एअरव्हो २ हे त्यातलं ओळखीचं मॉडेल, म्हणून परीक्षण त्याचं केलं आहे. यातलं बरंचसं इतर कंपन्यांच्या ब्लोअरवाल्या मशीनलाही लागू पडतं. मास्कच्या व्हेंटिलेशनलाही डॉक्टर ‘एनआयव्ही’ म्हणतात, पण पुण्यात त्या नावानं राष्ट्रीय विषाणू संस्था आठवते, तेव्हा इथे सरळ सीपॅप (सतत एकाच दाबानं हवा) किंवा बायपॅप (श्वास घेताना जास्त, सोडताना कमी दाब) म्हटलं आहे.

आमचं मत आधीच सांगतो. मशीन उत्तम आहे. पण त्यामागे भरवशाची ऑक्सिजन लाइन आणि रात्री दर तासाला श्वास मोजणारी सिस्टर नसेल, तर ते घेऊ नये.

आधी त्याचं काम. दम लागलेला माणूस श्वास ओढतो तेव्हा त्याचा वेग मिनिटाला ६० लिटरच्याही वर जातो. नॉन-रिब्रीदर (पिशवीवाल्या) मास्कला आपण देतो १५ लिटर. उरलेली हवा मास्कच्या कडेनं, खोलीतली, शिरते आणि ऑक्सिजन पातळ होतो. हाय-फ्लो मशीन गरम आणि दमट केलेली हवा-ऑक्सिजनची मिसळ मिनिटाला ६० लिटरपर्यंत थेट नाकात सोडतं. पेशंटची ओढ भागते, नाक-घशात साठलेला कार्बन डायऑक्साइड धुऊन निघतो आणि तोंड मिटलेलं असेल तर दर १० लिटरमागे साधारण १ सेंमी पाण्याइतका दाबही मिळतो. हा दाब सीपॅपच्या मानानं किरकोळच. पेशंट बोलू शकतो, मऊ भात खाऊ शकतो, खोकून बेडका काढू शकतो. कोरडा गार ऑक्सिजन नाकात सुईसारखा टोचतो आणि पेशंट मास्क ओढून काढतो, तो त्रास इथे नाही.

जोडणी दहा मिनिटांत होते, पण क्रम चुकला तर पुढे रात्रभर अलार्म वाजत राहतो. पाण्याचा चेंबर बसवायचा आणि त्याच्या नळीचा काटा स्टराइल वॉटरच्या पिशवीत घालायचा. पिशवी मशीनच्या किमान २० सेंमी वर टांगायची, म्हणजे चेंबर आपोआप भरत राहतो. पिशवीऐवजी कडक बाटली असेल तर काट्यावरचं हवेचं झाकण उघडायला विसरायचं नाही, नाहीतर पाणी उतरत नाही. चेंबरमध्ये सलाइन घालू नये, पाणी उडून जातं आणि मीठ तळाशी बसतं. नळाचं पाणीही नको. मशीन पेशंटच्या डोक्यापेक्षा खाली ठेवायचं, म्हणजे नळीत साठलेलं पाणी नाकाकडे न जाता मागे चेंबरमध्ये येतं. मग गरम तारेची नळी खटका बसेपर्यंत जोडायची, तापमान आणि फ्लो लावायचा, मशीन गरम होऊ द्यायचं. ३१ अंशांना साधारण १० मिनिटं लागतात, ३७ला अर्धा तास. पडद्यावर तयार असल्याची खूण आली की कॅन्युला (नाकपुड्यांत बसणारी दोन तोंडांची नळी) लावायची.

कॅन्युला स्मॉल, मीडियम, लार्ज अशा तीन मापांत येते. नळ्या नाकपुडीच्या निम्म्यापेक्षा जास्त जागा व्यापत नाहीत, हे डोळ्यांनी पाहायचं. मोठी कॅन्युला कोंबली तर उच्छ्वासाला वाट राहत नाही. बहुतेक गडबड होते ती मात्र नळीच्या वजनामुळे. नळी जाड असते, पेशंट कुशीवर वळला की ती कॅन्युला खेचते, एक टोक नाकाबाहेर येऊन गालावर हवा मारत बसतं. मशीनला हे कळत नाही, कारण फ्लो तर सुरूच असतो. सॅच्युरेशन ८५वर आल्यावर धावपळ होते. कॅन्युलासोबत येणारा गळ्यातला पट्टा आणि क्लिप पिशवीतच राहून जाते. ती लावली की हा प्रश्न नव्वद टक्के सुटतो.

आता ऑक्सिजन. हे मशीन घेणाऱ्यानं सगळ्यात आधी कोटेशन नाही, हा हिशेब करावा. ६० लिटर फ्लो आणि ६० टक्के ऑक्सिजन हवा असेल, तर मशीन खोलीतली हवा ओढतं आणि उरलेल्यासाठी मिनिटाला साधारण ३० लिटर शुद्ध ऑक्सिजन लागतो. जम्बो म्हणजे डी टाइप सिलिंडरमध्ये सुमारे ७ घनमीटर, म्हणजे ७,००० लिटर असतात. ७,००० भागिले ३०, चार तासही पुरे होत नाहीत. एका पेशंटला एका दिवसात सहाच्या वर जम्बो लागले. १०० टक्क्यांवर नेलं तर एक जम्बो दोन तासांच्या आत रिकामा. बी टाइपचा छोटा सिलिंडर, १,५०० लिटरचा, ३० लिटरच्या वेगानं ५० मिनिटं पुरतो. लिक्विड टाकी असेल तर गणित सोपं होतं, कारण एक लिटर द्रव ऑक्सिजनपासून साधारण ८६० लिटर वायू मिळतो. मॅनिफोल्डवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या सिलिंडरांवर, चालणाऱ्या हॉस्पिटलनं मात्र रात्री नऊ ते सकाळी नऊ या वेळात सिलिंडर बदलणारा माणूस कोण, त्याचं नाव ड्यूटीच्या तक्त्यावर लिहिल्याशिवाय पेशंटला या मशीनवर घेऊ नये. चाकणहून सिलिंडरची गाडी निघाली आणि पुणे-नाशिक रस्त्यावर अडकली, हे कारण पेशंटच्या फुप्फुसाला सांगता येत नाही.

पीएसए प्लांटचा, म्हणजे हॉस्पिटलच्या आवारातच हवेतला नायट्रोजन गाळून केलेला, ऑक्सिजन ९३ टक्क्यांच्या आसपास असतो. त्यावर पेशंटला १०० टक्के मिळणारच नाही. तो मशीनचा बिघाड नव्हे.

एकाच लाइनवर दोन हाय-फ्लो लावली की त्या मजल्यावरच्या व्हेंटिलेटरचा ‘लो गॅस प्रेशर’ अलार्म वाजू लागतो, असं जुन्या बारीक पाइपिंगमध्ये होऊ शकतं. पाइपलाइनचा दाब साधारण ४ बार राहतो का, हे दोन्ही मशीन ६० लिटरवर चालवून शेवटच्या आउटलेटपाशी मोजावं. इन्स्टॉलेशनच्या दिवशी हे करून घेतलं नाही तर पुढे कोणी करत नाही.

फ्लोमीटरही वेगळा लागतो. भिंतीवरचा नेहमीचा फ्लोमीटर १५ लिटरपर्यंतच मोजतो. मशीन ५०वर असेल तर १५ लिटरमध्ये ऑक्सिजन जेमतेम ४५ टक्के होतो. त्यापुढे गोळी वर टेकवून ‘फ्लश’वर चालवतात. पडद्यावर टक्केवारी दिसते म्हणून वेळ निभते, पण किती ऑक्सिजन खर्च होतो आहे ते कळत नाही. ० ते ७० लिटरचा फ्लोमीटर मशीनसोबतच मागवा. आणि त्याखालची बुडबुड्यांची बाटली काढून टाका. एवढ्या वेगात तिचा सेफ्टी व्हॉल्व्ह शिट्टी मारतो किंवा पाणी उडून मशीनच्या ऑक्सिजनच्या तोंडात जातं. ओलावा द्यायचं काम मशीन करतंच.

या मॉडेलची एक गोष्ट नव्या माणसाला हमखास फसवते. टक्केवारीचं बटण नाही. मशीन फक्त मोजतं आणि दाखवतं, ऑक्सिजन आपण भिंतीवरून हातानं कमी-जास्त करायचा. त्यामुळे मशीनचा फ्लो बदलला की टक्केवारी आपोआप बदलते. उदाहरण घ्या. मशीन ६०वर, फ्लोमीटर ३०वर, पडद्यावर ६० टक्के. पेशंटला वारा जास्त वाटतो म्हणून सिस्टरनं मशीन ४०वर आणलं आणि फ्लोमीटर तसाच ठेवला. आता टक्केवारी ८०. सॅच्युरेशन ९८ दिसतं, सगळे खूश, सिलिंडर मात्र तसाच उडतो आहे आणि चार्टवर ‘६० टक्के’ हेच लिहिलेलं आहे. उलटही होतं. सकाळी राउंडला कोणी ४०चा फ्लो ६० केला की टक्केवारी उतरते आणि पेशंट पाच मिनिटांत निळसर दिसू लागतो. नियम एकच ठेवावा. मशीनला हात लावला की फ्लोमीटरला हात लावायचा, पडद्यावरचा आकडा स्थिर झाला की मगच चार्टवर लिहायचा. टक्केवारी स्वतःच सांभाळणारा ऑटोमॅटिक ब्लेंडर असलेली मशीन महाग पडतात, पण रात्री एकच सिस्टर आठ खाटा बघत असेल तर ती किंमत मोजावी, असं आम्हाला वाटतं.

सुरुवात ४० ते ५० लिटरनं करावी आणि सॅच्युरेशन ९२ ते ९६ राहील इतकाच ऑक्सिजन द्यावा. जुना सीओपीडी (श्वासाची वाट आकसवणारा जुनाट फुप्फुसविकार) असेल तर ८८ ते ९२. उतरवताना आधी ऑक्सिजन ४० टक्क्यांपर्यंत आणायचा, मग फ्लो पाच-दहा लिटरनं कमी करत २०पर्यंत. तिथे चांगला टिकला तर साधी ऑक्सिजनची नळी.

पाणी किती लागतं याचा अंदाज खरेदीच्या वेळी कोणी देत नाही. ३७ अंशांना पूर्ण दमट हवेच्या प्रत्येक लिटरमध्ये ४४ मिलिग्रॅम पाणी असतं. ५०-६० लिटर फ्लोवर दिवसाला अडीच ते साडेतीन लिटर स्टराइल वॉटर लागतं. म्हणजे एक लिटरची पिशवी सात-आठ तास. रात्री अकराला लावलेली पिशवी पहाटे सहाच्या सुमारास संपते, नेमकी ड्यूटी बदलण्याच्या आधी. तेव्हा निम्मी पिशवी उरली असतानाच बदलून टाकावी.

कंपनी मशीनसाठी खोलीचं तापमान १८ ते २८ अंश सांगते. एप्रिल-मेमध्ये एसी नसलेल्या वॉर्डात ‘परिस्थिती तपासा’ असा इशारा येऊ लागला तर मशीन नादुरुस्त समजून परत पाठवू नका. डिसेंबरच्या रात्री वेगळी तऱ्हा असते. संसर्गासाठी खिडक्या उघड्या, नळीवर गार वारा, आत पाण्याचे थेंब साठतात आणि पेशंटच्या नाकात गुळगुळ करतात. तेव्हा नळी पंख्याच्या आणि एसीच्या झोतातून बाजूला घ्यावी आणि साठलेलं पाणी चेंबरकडे वळवावं. तरी होत असेल तर तापमान ३७वरून ३४ करावं. ३४ला तक्रार करणारे पेशंटही कमी असतात.

इथपर्यंत मशीनबद्दल. खरी काळजी आहे ती त्या मशीनवर शांत दिसणाऱ्या पेशंटची.

हाय-फ्लो लावलं की अर्ध्या तासात पेशंटचा चेहरा बदलतो. धाप कमी होते, घाम जातो, तो फोनवर घरच्यांशी बोलतो. नातेवाइकांना वाटतं जिंकलो. सॅच्युरेशन ९३. पण विषाणूजन्य न्यूमोनियात फुप्फुस आतून बिघडत जाऊ शकतं आणि मशीन ते झाकून ठेवतं. म्हणून सॅच्युरेशनचा आकडा सोडून चादर बाजूला करून मान आणि छाती बघावी. कॉलरबोनच्या वरचा खड्डा प्रत्येक श्वासाला आत ओढला जातो का, मानेचा दोरीसारखा स्नायू ताणला जातो का, छाती वर जाताना पोट आत जातं का. आणि श्वास पूर्ण एक मिनिट मोजावेत. मॉनिटरवरचा श्वासाचा आकडा पेशंट हलला-बोलला की चुकतो.

याला आकड्यात बांधण्यासाठी रॉक्स इंडेक्स आहे. सॅच्युरेशनला ऑक्सिजनच्या अंशानं भागायचं, आलेल्या उत्तराला श्वासांच्या संख्येनं. सॅच्युरेशन ९२, ऑक्सिजन ६० टक्के म्हणजे ०.६, श्वास ३०: ९२ भागिले ०.६ म्हणजे १५३, भागिले ३० म्हणजे ५.१. दोन, सहा आणि बारा तासांनी हा आकडा ४.८८ किंवा त्याहून जास्त असेल तर पेशंट मशीनवर निभण्याची शक्यता चांगली. दुसरा पेशंट: सॅच्युरेशन ९०, ऑक्सिजन ८० टक्के, श्वास ३४. रॉक्स ३.३. सॅच्युरेशनमध्ये दोघांत फरक फक्त दोनचा, पण दुसऱ्यासाठी भूलतज्ज्ञाला आत्ताच फोन करायला हवा. दोन तासांना २.८५, सहा तासांना ३.४७ आणि बारा तासांना ३.८५ याच्या खाली गेलेला पेशंट बहुधा ट्यूबकडे (श्वासनलिकेत नळी घालून व्हेंटिलेटरकडे) चालला आहे, असं समजावं. ०.६च्या जागी ६० घालून भागाकार करण्याची चूक वारंवार होते, तेव्हा चार्टच्या कोपऱ्यात एक सोडवलेलं उदाहरण छापूनच ठेवा.

थांबण्याची किंमत किती, हे २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोरियातल्या एका पाहणीत दिसलं. हाय-फ्लोवर न टिकलेल्या १७५ पेशंटांपैकी ज्यांना ४८ तासांच्या आत ट्यूब टाकली त्यांच्यातले ३९.२ टक्के आयसीयूत दगावले, ४८ तासांनंतर टाकली त्यांच्यातले ६६.७ टक्के. उशिराच्या गटात मुळातच जास्त आजारी लोक असू शकतात, हे मान्य. तरी ‘अजून एक रात्र बघू’ म्हणण्याआधी हे आकडे आठवावेत. ज्या हॉस्पिटलला रात्री ट्यूब टाकणारा माणूस अर्ध्या तासात मिळत नाही, त्यानं रॉक्स घसरायला लागताच, पेशंट बोलतो आहे तोवरच, मोठ्या ठिकाणी हलवण्याची तयारी करावी.

सीपॅप घ्यावा की हे? २०१५च्या फ्लोराली चाचणीत ३१० पेशंट होते. ट्यूब लागण्याचं प्रमाण हाय-फ्लोला ३८, साध्या ऑक्सिजनला ४७ आणि मास्कच्या व्हेंटिलेशनला ५० टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्का ठरला नाही, पण ९० दिवसांतले मृत्यू हाय-फ्लो गटात कमी होते. कोविडमध्ये चित्र बदललं. ब्रिटनच्या रिकव्हरी-आरएस चाचणीत ३० दिवसांत ट्यूब किंवा मृत्यू सीपॅप गटात ३६.३ टक्के, साध्या ऑक्सिजनला ४४.४. हाय-फ्लोला मात्र ४४.३ विरुद्ध ४५.१, म्हणजे फरकच नाही. इटलीतल्या हेनिव्हॉट चाचणीत हेल्मेटवाल्यांपैकी (मास्कऐवजी डोक्यावर पारदर्शक टोप चढवून दाब दिलेल्यांपैकी) ३० टक्क्यांना ट्यूब लागली, हाय-फ्लोवाल्यांपैकी ५१ टक्क्यांना. आमचा अर्थ असा की दोन्ही जवळ असावीत. एक्स-रेवर फुप्फुसं दोन्ही बाजूंनी पांढरी, ऑक्सिजन ६० टक्क्यांच्या वर आणि पेशंट समजूतदार असेल तर १० सेंमीचा सीपॅप आधी लावून पाहावा आणि जेवणासाठी, तोंड धुण्यासाठी मधल्या वेळात हाय-फ्लो. रक्तातला कार्बन डायऑक्साइड चढलेला असेल तर बायपॅप, हाय-फ्लोवर वेळ घालवू नये. गुंगीत असलेला, सतत उलट्या करणारा किंवा बीपी पडलेला पेशंट यातल्या कशावरही ठेवू नये. हेल्मेट चांगलं, पण आत आवाज फार आणि फ्लो ६० लिटरच्या खाली गेला तर पेशंट स्वतःचाच कार्बन डायऑक्साइड परत ओढतो. त्यासाठी तयार स्टाफ नसेल तर मास्कच बरा.

पालथं झोपवणं हाय-फ्लोवर सहज जमतं. नळी बाजूनं न घेता डोक्याच्या वरून घ्यावी आणि छातीखाली पातळ उशी द्यावी.

संसर्गाची बाजू थोडक्यात. कॅन्युलावर सर्जिकल मास्क बांधावा आणि खोलीतली हवा तासाला किमान १२ वेळा बदलावी. स्प्लिट एसी हवा बदलत नाही, तीच फिरवतो. दहा बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंच खोलीत १,२०० घनफूट हवा असते. १२ वेळा बदलायला मिनिटाला २४० घनफूट बाहेर टाकणारा एक्झॉस्ट लागतो. तो दारासमोरच्या भिंतीत, पेशंटच्या डोक्याकडच्या बाजूला बसवावा. ऑक्सिजन सुरू असताना खोलीत उदबत्ती, देवाचा दिवा काही नको, नातेवाइकांना हे आधीच समजावून सांगा. मशीन बंद करण्याआधी भिंतीवरचा ऑक्सिजन बंद करायचा. ब्लोअर थांबलेलं असताना ऑक्सिजन आत साठला तर आगीचा धोका असतो.

या मॉडेलचा मोठा उणेपणा म्हणजे आत बॅटरी नाही. एअरव्हो ३मध्ये ती आहे. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली आणि जनरेटर उचलायला वीस सेकंद लागले, तरी तेवढ्यात मशीन बंद पडतं. प्रत्येक मशीनमागे एक केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस धरावा, घरगुती इन्व्हर्टर नको. आणि खाटेशी नॉन-रिब्रीदर मास्क स्वतंत्र आउटलेटला जोडून तयार टांगलेला असावा. एका खोलीतून दुसरीकडे नेतानाही तोच उपयोगी पडतो.

दोन पेशंटांच्या मध्ये लाल नळी लावून निर्जंतुकीकरण करायचं असतं. मशीन स्वतःच्या आतला मार्ग ८७ अंशांवर ३० मिनिटं ठेवतं, सगळं मिळून ५५ मिनिटं जातात. ते केलं नसेल तर सुरू करताना पडद्यावर केशरी खूण दिसते, केलं असेल तर हिरवी. केशरी खूण असताना पेशंटला लावू नका. म्हणजे एक पेशंट उतरला की दुसऱ्याला लगेच लावता येत नाही, तासाभराचं अंतर धरा. कॅन्युला आठवड्यानं बदलायची. नळी-चेंबरचं किट एकाच पेशंटसाठी, तेही जास्तीत जास्त दोन महिने. हवेचा फिल्टर तीन महिन्यांनी किंवा १,००० तासांनी. किट धुऊन पुढच्या पेशंटला वापरण्याचा मोह होतो, कारण तेच महाग असतं. नळीच्या आतली वायर आणि सांधे धुऊन स्वच्छ होत नाहीत, तेव्हा ते करू नये.

घरी भाड्यानं हाय-फ्लो देणारेही शहरात भेटतात. दहा लिटरच्या कॉन्सन्ट्रेटरवर ४० लिटर फ्लो दिला तर ऑक्सिजन ३९ टक्के होतो, पाच लिटरच्यावर ३०. बरा होत आलेल्या किंवा जुनाट आजाराच्या पेशंटला ते पुरेल. ताप असलेल्या, तिसऱ्या-चौथ्या दिवशी दम वाढत चाललेल्या फ्लूच्या पेशंटला त्यावर घरी ठेवणं धोक्याचं आहे.

विक्रेता डेमोला आला की मशीन टेबलावर हवेवर चालवून दाखवतो. तेवढ्यावर भागवू नका. तुमच्या आयसीयूतल्या शेवटच्या खाटेवर, तुमच्याच मॅनिफोल्डवर, ६० लिटर आणि ६० टक्क्यांवर चार तास चालवायला सांगा. जम्बो किती वेळात उतरला ते लिहून ठेवा. मधेच मेन स्विच पाडा. रात्रपाळीच्या सिस्टरना बोलवा आणि त्यांच्याच हातानं पिशवी, चेंबर, नळी लावून घ्या. कोटेशनमध्ये मशीनच्या खाली वर्षाला पन्नास किट, पन्नास कॅन्युला, चार फिल्टर, मोठा फ्लोमीटर आणि लाल नळीचा सेट यांचे दर स्वतंत्र ओळींत लिहून मागा, आणि पावसाळ्यात किट किती दिवसांत पोहोचतील तेही त्याच कागदावर.